खुलासा

मुंगी अँड सन विकली गेली, असं कळतं.
मलाही असंच कळलं, मंगळवारी,
बोहरी आळीत बारीक स्क्रू घेताना.
दुकानदार म्हणाला, बाई, आता स्क्रू कशाला?

म्हणून हे लिहून ठेवते.

जर्मन कंपनीने घेतलेली नाही.
तीन वर्षांपूर्वी एक जर्मन आला होता, हे खरं.
दोन मालडबे घेतले, पोहे खाल्ले,
डब्यांचे पैसे दिले आणि गेला.
एवढ्यावर करार होत असेल
तर आमचा करार निम्म्या पुण्याशी झालेला आहे.

बिल्डरनेही घेतलेली नाही.
पर्वतीच्या इस्टेटीतला गाळा नंबर एकोणीस
भाड्याचा आहे, पहिल्यापासून.
दोन खिडक्या, एक लेथ, एक पंखा,
आणि भिंतीच्या कडेने पुणे ते जेजुरी, अठरा फूट.
शिंदवणे घाटात प्लॅस्टर थोडं उडालंय.
टॉवर नेमका कुठे बसवणार?

मी अमेरिकेला भाच्याकडे चाललेली नाही.
मला भाचा नाही.
हॉस्पिटलात होते ती मोतीबिंदूसाठी,
दीड दिवस.

वारस नाही म्हणून विकली, असंही कोणी म्हणालं.
इथे जरा थांबते.
मुंगी हे आडनाव आहे, मापाचं वर्णन नव्हे.
बाबा घोरपडीच्या यार्डात सिग्नल खात्यात होते.
पाटी रंगवायला टाकली तेव्हा
त्यांनी कागदावर फक्त ‘मुंगी अँड’ लिहून दिलं,
पुढचं ठरत नव्हतं, मी आठ महिन्यांची होते.
रंगाऱ्याने पुढचं आपल्या मनाने पुरं केलं.
बाबा म्हणाले, असू दे, रंगाचे पैसे दिलेत.
तेव्हा तो सन म्हणजे मी.
एकाहत्तर पूर्ण.

अफवा निघाली कुठून, तेही शोधलं.
चहावाल्याने झेरॉक्सवाल्याचं नाव घेतलं,
त्याने कुरियरच्या पोराचं,
त्याने भंगारवाल्याचं,
आणि भंगारवाल्याने माझं.

चैत्रात एकदा, भर दुपारी,
मी त्याला पितळेचा भाव विचारला होता.
किलोचा. नुसता विचारला.
बाबांच्या साच्यांच्या कपाटाची किल्ली
तेव्हा माझ्या मुठीत होती.
तो म्हणाला, बाई, किती भरेल?
मी म्हणाले, एकशे बारा किलो, साडेतीनशे ग्रॅम.

म्हणजे वजन मी आधीच केलं होतं.

आता जे झालंय ते.
दसऱ्यापासून कंपनी
हनीफ अत्तार आणि सुगंधा व्हावळ यांच्या नावावर होईल.
हनीफ एकतीस वर्षं लेथवर आहे.
सुगंधा डब्यांवर अक्षरं काढते:
‘स्त्रियांसाठी’, तांदळाएवढ्या जागेत,
श्वास रोखून, वेलांटीसकट.
रक्कम लोक म्हणतात तेवढी नाही.
दरमहा नऊ हजार,
एखादा महिना चुकला तर मी आरडाओरडा करायचा नाही.
हे कलम तोंडी आहे.
साचे कपाटात आहेत. किल्ली हनीफकडे.
सुगंधा विचारत होती, पाटी बदलायची का.
म्हटलं, आधी रंगाऱ्याचा दर विचार.

एक इंजिन मी घरी आणलंय.
मीटरगेजचं, चालत नाही, कधीच चाललं नाही.
ते यादीत नव्हतं,
तेव्हा चोरीला गेलं असं कृपया कोणी म्हणू नये.

दुरुस्तीला टाकलेल्या गाड्या तयार आहेत.
चार ते सात. गुरुवारी लाइट नसते.
पावती हरवली असली तरी या.
माणसं मी हल्ली विसरते.
डबा हातात घेतला की मात्र आठवतं
कोणाच्या घरी, कोणत्या टेबलावरून
तो खाली पडला होता.